डर्ट बाईक, नाकाबंदी आणि आपलं नाव-पत्ता: मुंबईतल्या नव्या ऑफ-रोड रायडरसाठी

पहाटे सव्वापाचची वेळ. टेम्पोच्या हौद्यात दोरखंडाने आवळलेली माझी सेकंडहँड डर्ट बाईक, पुढे केबिनमध्ये टेम्पोवाले काका आणि मी. पनवेल मागे पडलं आणि नाकाबंदीत टॉर्च हलला. हवालदारांनी मागे जाऊन उजेड मारला. गाडीला पुढे दिवा नाही, मागे दिवा नाही, आणि नंबरप्लेट लावायची तर जागाच नाही.

"नंबर कुठंय हिचा?"

मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "साहेब, हिला नंबर नसतोच."

हे वाक्य मला चार तासांना पडलं. बिल घरी कपाटात, कपाटाची किल्ली बायकोकडे, बायको माहेरी. शेवटी शेजाऱ्यांच्या मुलाने कसंबसं कपाट उघडून बिलाचा फोटो पाठवला, तेव्हा चौकीतून सुटका झाली. त्या दिवशी पोलिसांचं फार चुकलं असं मला आज वाटत नाही. बिननंबरी गाडी अंधारात टेम्पोतून चाललीय म्हटल्यावर मीही तेच विचारलं असतं. चुकलं ते माझं. म्हणून जे नव्याने या नादाला लागलेत, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहून ठेवतोय. मी वकील नाही. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं तर वकीलच गाठा.

१. गाडी कुठल्या जातीची, ते आधी ठरवा

एक्सपल्स, हिमालयन, ३९० ॲडव्हेंचर, थार, जिम्नी या गाड्या मातीत कितीही लोळल्या तरी कायद्याच्या लेखी साध्या गाड्या आहेत. आरटीओत नोंद, नंबर, विमा, पीयूसी सगळं लागतं आणि सगळं मिळतं.

दुसरी जात केटीएम एसएक्स, कावासाकी केएक्स, यामाहा वायझेड यांच्यासारख्या मोटोक्रॉस गाड्यांची, आणि बहुतेक एटीव्ही म्हणजे क्वाडची (जाड चाकांची उघडी चारचाकी). या फक्त बंदिस्त ट्रॅकसाठी विकल्या जातात. त्यांची रस्त्यासाठी नोंदणी होत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक जागी चालवता येत नाही. "कोपऱ्यावरच्या पंपापर्यंतच तर न्यायचीय" ही सबब इथे चालत नाही, गाडी टेम्पोतूनच न्यायची.

नवखे हमखास फसतात ते इथे. "पासिंग करून देतो, वीस हजार द्या," म्हणणारा कोणीतरी भेटतो. तो करतो काय, तर एखाद्या भंगारात गेलेल्या मोटारसायकलचं आरसी बुक आणि नंबर तुमच्या गाडीला चिकटवतो. नाकाबंदीत चासी नंबर ताडून पाहिला की दंडाचं प्रकरण एका मिनिटात बनावट कागदपत्रांचा गुन्हा होतं, आणि आरोपीच्या जागी नाव तुमचं असतं. पैसे घेणारा तोवर फोन उचलायचा बंद झालेला असतो.

सार्वजनिक जागा म्हणजे काय, हेही इथेच समजून घ्या. कायद्यात रस्ताच हवा असं म्हटलेलं नाही. जिथे लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे ती जागा सार्वजनिक. मैदान, किनारा, धरणाचा बांध, एमआयडीसीतला ओसाड रस्ता, सगळं यात बसू शकतं. सोसायटीच्या आवाराबद्दल वाद होतात, पण गेट सताड उघडं असेल आणि कोणीही ये-जा करत असेल तर त्या वादावर भिस्त ठेवू नका. विशेषतः मुलांच्या छोट्या क्वाडबाबत. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. वाढदिवसाची भेट फार महाग पडते.

२. कागदांची पिशवी

माझ्याकडे झिपवाली प्लास्टिकची पिशवी आहे. ती चेस्ट प्रोटेक्टरच्या आत मावते. पावसाळ्यात कर्जत-मुरबाडकडे जाणार असाल तर हिच्याशिवाय निघू नका.

नंबरवाल्या गाडीसाठी:
- लायसन, आरसी, विमा आणि पीयूसी. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधले कागद केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ प्रमाणे ग्राह्य आहेत.
- याच चारांची साधी झेरॉक्स. डोंगरात नेटवर्क नसतं आणि ॲप नेमकं तेव्हाच पुन्हा लॉगिन मागतं.

बिननंबरी गाडीसाठी:
- खरेदीचं बिल, त्यावर चासी आणि इंजिन नंबर छापलेला असलाच पाहिजे.
- सेकंडहँड असेल तर आधीच्या मालकाचं सहीचं विक्रीपत्र, त्याच्या ओळखपत्राची प्रत आणि त्याच्या नावाचं मूळ बिल.
- परदेशातून आणलेली असेल तर कस्टमच्या कागदांची प्रत.
- जिथे चालवणार त्या ट्रॅकचं बुकिंग किंवा जमीनमालकाची लेखी परवानगी.
- तुमचं लायसन. ट्रॅकवर लागत नाही, पण ओळख पटवायला यासारखा कागद नाही.

फोनच्या गॅलरीतला फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे. बरेच जण स्क्रीनशॉट दाखवतात आणि मग "सरकारनेच सांगितलंय मोबाईलवर चालतं" म्हणून हुज्जत घालतात. चालतं ते ॲपमधलं, ज्याची पडताळणी करता येते ते. कागद अगदीच जवळ नसले तर त्याच नियमात १५ दिवसांत सादर करण्याची मुभा आहे. ती शांतपणे मागा. मागितली नाही तर आपण होऊन कोणी देत नाही.

३. टेम्पोत चढवतानाच अर्धं काम करून ठेवा

महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१, कलम १२४. माझे चार तास याच कलमाने खाल्ले. चोरीचा असावा असं मानायला जागा आहे असा माल कोणाकडे सापडला आणि तो आपल्याकडे कसा आला याचा समाधानकारक खुलासा त्याला देता आला नाही, तर तो गुन्हा. बिननंबरी मोटारसायकल, बिल नाही, वेळ पहाटेची. दुसरं काय दिसणार?

तेव्हापासून मी असं करतो. चासी नंबरवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसतो (बहुतेक गाड्यांना तो हँडलखालच्या स्टिअरिंग हेडवर कोरलेला असतो) आणि बिलाच्या बाजूला धरून एक फोटो काढतो. बिलाची एक प्रत टेम्पोवाल्या काकांच्या डॅशबोर्डवर, कारण मी दुसऱ्या गाडीने पुढे गेलेला असलो तर जाब त्यांना द्यावा लागतो. आणि "काय आहे मागे?" असं विचारलं की पहिलंच वाक्य: "साहेब, शर्यतीची गाडी आहे, रस्त्यावर चालत नाही, ट्रॅकवर नेतोय, हे बिल." परवा खालापूरजवळ हे सगळं चाळीस सेकंदांत उरकलं. हवालदारांनी वर "किती लागतं हो तासाला शिकायला?" असं विचारलं.

४. परतीच्या वाटेवर थांबा आणि गाडी पुन्हा माणसात आणा

ट्रेलवर आरसे तुटतात म्हणून आपण काढून ठेवतो, इंडिकेटर आत वळवतो, नंबरप्लेटवर इंचभर चिखल बसतो. मग दमूनभागून तसेच हायवेला लागतो आणि ऐरोली किंवा वाशीच्या टोलनाक्यापाशी अडतो. दोन लिटर पाण्याची बाटली आणि आरसे बसवायचा पाना जवळ ठेवा. डांबर लागायच्या आधी दहा मिनिटं थांबा.

सायलेन्सर बदललेला असेल तर त्याबद्दल मी काहीच समजावत बसणार नाही. आवाज अर्ध्या किलोमीटरवरून येतो आणि कायदा तुमच्या बाजूने नाही. जीपवाल्यांनी पुढच्या लोखंडी गार्डकडे बघावं. असे क्रॅशगार्ड बेकायदा असल्याचं केंद्राने २०१७ मध्येच कळवलंय.

५. थांबवलं की पहिली दोन मिनिटं

गाडी बाजूला, इंजिन बंद, हेल्मेट आणि तोंडावरचा बफ खाली. चेहरा झाकून बोलणाऱ्या माणसावर कोणाचाच विश्वास बसत नाही. हेल्मेटवरचा कॅमेरा सुरू असेल तर तसं सांगून टाका. चोरून चित्रीकरण करतोय असं वाटलं की आवाज चढतो.

समोरचा गणवेशात आहे का, छातीवर नावपट्टी आहे का, हे बघून घ्या. लायसन मागण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० ने दिलाय तो गणवेशातल्या पोलिसाला. कोणी साध्या कपड्यांत असेल तर "साहेब, ओळखपत्र दाखवता का?" असं विचारण्यात काही गैर नाही. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलीला येऊरच्या रस्त्यावर असेच दोघं भेटले होते. ओळखपत्र मागितल्यावर ते "जाऊ द्या, जाऊ द्या" करत निघून गेले.

६. नाव आणि पत्ता: इथे अडून बसू नका

माझं म्हणणं एवढ्या एका मुद्द्यात मावतं. व्हिडिओ बघून आलेले नवे रायडर छाती काढून म्हणतात, "मी काही सांगायला बांधील नाही." आता कायदे काय म्हणतात ते बघा.

मोटार वाहन कायदा कलम २०२(२): या कायद्याखालचा गुन्हा केलेल्या माणसाने नाव-पत्ता सांगायला नकार दिला तर गणवेशातला पोलीस त्याला वॉरंटशिवाय अटक करू शकतो. म्हणजे आरसा नसल्याच्या किरकोळ दंडावरून कोठडीपर्यंतची वाट तुम्ही स्वतःच खणता.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) जागी आलेला कायदा, कलम ३९: अदखलपात्र गुन्ह्यातही नाव-पत्ता नाकारला किंवा खोटा सांगितला तर तो खरा कळेपर्यंत अटक करता येते. कळला की जातमुचलक्यावर, म्हणजे हजर राहण्याची हमी लिहून घेऊन, सोडावं लागतं.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ५०: परवाना लागतो तिथे तो नसताना सापडलात तरी, नाव-पत्ता दिला आणि समन्स आलं तर हजर राहीन अशी अधिकाऱ्याची खात्री पटवली, तर अटक टळू शकते.

तीन वेगळे कायदे, आणि तिन्हींत अटकेची कळ एकाच जागी आहे. तेव्हा नाव खरं सांगा, पत्ता खरा सांगा, लायसन हातात द्या.

त्यापुढचं मात्र तुमच्या मर्जीवर आहे. आधार कार्ड सतत जवळ बाळगायची सक्ती आपल्याकडे नाही. लायसन असताना आधारचा आग्रह झाला तर "लायसनवर सगळं आहे साहेब" एवढं पुरतं. कुठून आलात, ग्रुपमध्ये आणखी कोण आहे, गेल्या रविवारी कुठे होतात, हे प्रश्न गप्पांसारखे येतात. गुन्ह्याचा आरोप असेल तर स्वतःविरुद्ध बोलायला कोणी भाग पाडू शकत नाही, ते संरक्षण राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) मध्ये आहे. पण खोटं बोलू नका. गप्प राहणं आणि थाप मारणं यांत फार फरक आहे.

मागे बसलेल्याला लायसन दाखवावं लागत नाही. नाव विचारलं तर सांगून मोकळं व्हावं.

७. चावी, फोन, बॅग

गाडीची चावी काढून घ्यावी असं मोटार वाहन कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. तरी चावी काढली जाते. अशा वेळी हात धरू नका. हाताला हात लागला की "सरकारी कामात अडथळा" आलाच. पूर्वी त्याला सगळे "३५३" म्हणत, आता तो भारतीय न्याय संहितेत १३२ झालाय, पण अजामीनपात्र आजही आहे. चावी तोंडाने मागा आणि वेळ लक्षात ठेवा.

फोन अनलॉक करून दाखवा, व्हॉट्सॲप उघडा, असं नाक्यावर सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा. डिजिलॉकर दाखवताना फोन आपल्याच हातात ठेवा. बॅग बघायला मागितली तर मी स्वतः उघडून दाखवतो. त्यात ट्यूब, पाना आणि घामट बनियनशिवाय काही नसतं आणि मला घरी जायचं असतं. रीतसर झडती-जप्ती असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे तिचं दृक्-श्राव्य चित्रीकरण व्हायला हवं. बाईची झडती बाईनेच घ्यायची, मर्यादा सांभाळून. यात सवलत नाही.

८. जागा बदलली की अंमलदार बदलतो

डांबरावर वाहतूक पोलीस. झाडीत शिरलात की वनरक्षक, आणि तिथले नियम कडक. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, त्याची येऊरची बाजू, वसईकडचं तुंगारेश्वर अभयारण्य, कर्नाळा: इथे ठरलेल्या सार्वजनिक रस्त्याने जाणं वेगळं आणि गाडी पायवाटेवर वळवणं वेगळं. वळवलीत तर परवानगीविना प्रवेश, आणि गाडीही जप्त होऊ शकते. अशी गाडी परत मिळवणं ट्रॅफिकच्या दंडासारखं सोपं नसतं. "गुगल मॅपवर रस्ता दाखवतोय" हे सांगून बघितलेले दोघे माझ्या ओळखीचे आहेत. आरे कॉलनीचाही काही भाग आता राखीव वन आहे, त्यामुळे मुख्य रस्ता सोडून आत घुसू नका. एकतर बिबट्या, नाहीतर वनखातं.

माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी मोटारी आणि मोटारसायकली बंद, २००३ पासून ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. भरती ओसरल्यावरची ओली वाळू बघून मनगट शिवशिवतं हे मान्य, पण किनाऱ्यावर गाडी घातलीत तर न्याय संहितेतलं बेदरकारपणाचं कलम २८१ आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याचं १२५ लागू शकतं. कांदळवनात तर चाकही नको.

पावसाळ्यात आणखी एक बघायचं. धबधबे, धरणं, घाट यांसाठी जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात. ठाणे, रायगड, पुणे, तिन्ही जिल्ह्यांचे वेगवेगळे. निघायच्या आदल्या रात्री बातम्या चाळा. आदेश मोडला तर न्याय संहितेचं कलम २२३.

९. "चला चौकीवर"

पहिला प्रश्न, हात मागे बांधून, आवाज खाली ठेवून: "साहेब, मला अटक केलीय का?"

आपल्याकडे अटक आणि सुटका यांच्या मधे "बसवून ठेवणं" नावाचा एक प्रकार असतो. कायद्यात तो नाही, बाकड्यावर आहे. मीही त्यावरच चार तास काढले. हा प्रश्न विचारला की निदान काय चाललंय ते दोघांनाही ठरवावं लागतं. अटक नसेल तर नोटीस देता येते (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३५(३)) आणि तुम्ही तारखेला हजर व्हायचं. अटक असेल तर कारण सांगायला हवं, साक्षीदाराच्या सहीचा अटक पंचनामा हवा, घरच्यांना कळवायला हवं, वकिलाला भेटू द्यायला हवं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायला हवं. गुन्हा जामीनपात्र असेल तर टेबल जामीन ठाण्यातच होतो. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करायची नाही. अगदी अपवादात्मक स्थितीत महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेऊनच.

सही करताना घाई नको. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर तुमची सही लागत नाही, उलट ती घ्यायची नाही असंच कायदा सांगतो (त्याच संहितेचं कलम १८१). जप्तीचा पंचनामा वेगळा, त्यावर सही मागतात, तो ओळ न् ओळ वाचा. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही, चहा पाजला तरी.

गाडी ठेवून घेतली तर चारही बाजूंनी फोटो काढा आणि आरसे, लिव्हर, टाकीची झाकणं, ॲक्सेसरीज पंचनाम्यात लिहून घ्यायला सांगा. माझ्या मित्राची गाडी परत मिळाली तेव्हा हँडगार्ड नव्हते, आणि पंचनाम्यातही नव्हते.

१०. गाडी आणि दंड सोडवणं

नोंदणी किंवा लायसन नाही म्हणून मोटार वाहन कायद्याच्या कलम २०७ खाली गाडी अडकवली असेल तर कागद आणि दंड भरल्याची पावती घेऊन तिथेच अर्ज करायचा. बिननंबरी गाडीला दाखवायला नोंदणीच नसते, म्हणून बिल, ट्रॅकचा कागद आणि टेम्पो घेऊनच जा. चालवत नेणार नाही हे त्यांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. कायद्यात पहिल्या वेळी नोंदणीविना चालवल्याबद्दल २,००० ते ५,००० रुपये, लायसनविना ५,०००, विम्याविना २,००० असे आकडे आहेत. जागेवरची तडजोडीची रक्कम राज्याच्या अधिसूचनेप्रमाणे वेगळी असू शकते, म्हणून चलानवरचं कलम वाचा.

गुन्हा दाखल होऊन गाडी मुद्देमालात गेली असेल तर दंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली अर्ज करून ती सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करीन अशी हमी लिहून देऊन, मिळते. गाड्या ठाण्याच्या आवारात गंजत ठेवू नयेत असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सांगितलंय, वकिलाला ते माहीत असतंच.

दंड रोख मागितला तर पावती मागा. "पावतीशिवाय निम्म्यात मिटवू" असं सुचवलं गेलं तर "ई-चलान करा साहेब" एवढंच म्हणा. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. नाही संपला तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००, आणि तातडीला ११२. हे तिन्ही मी प्लास्टिकच्या पिशवीतल्या बिलामागे मार्करने लिहून ठेवलेत, कारण नेमक्या वेळी फोनची बॅटरी चार टक्क्यांवर आलेली असते.